थोरलीचा सोडा

थोरलीकडे सगळ्या दुखण्यांवर मिळून एकच औषध होतं, आणि ते औषध आहे हे मात्र तिला अजिबात मान्य नव्हतं. "औषध कसलं? खाण्याचा सोडा तो! बिस्किटात घालतो आपण," असं म्हणता म्हणता ती ग्लासात चमचा हलवायलाही लागायची. पोट जळतंय, घे सोडा. जेवण जड झालंय, घे सोडा. डास चावला, ओला करून लाव. मोरीला वास येतोय, तिथंही सोडाच. गल्लीतली माणसं तिच्या माघारी तिला सोडाबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. बाकीच्या नुसत्या बाया होत्या, हिला निदान पुढे काहीतरी जोडलेलं होतं.

ती बेकरीत कामाला होती. पुढे दुकान, मधे भट्टी, आणि सगळ्यात मागे एक लांबट खोली. एका भिंतीला मैद्याची पोती, दुसरीला पत्रा ठोकलेलं टेबल, मधोमध पीठ मळायचं यंत्र. ते सुरू झालं की बोलणं बंद, नुसत्या हातवाऱ्यांवर काम. सोडा मोजायला टेबलावर छोटा तराजू होता, पण थोरली त्याला हात लावत नसे. तीन बोटं डब्यात जायची, चिमूट बाहेर यायची आणि पिठावर पडायची. मालक अधूनमधून कुरकुरायचा. "तराजूला भूक लागते का कधी?" ती विचारायची. "मग त्याला बिस्किटातलं काय कळणार?" मालक हात टेकून निघून जायचा, कारण बिस्किटं खरोखरच बिघडत नव्हती.

एकदाच बिघडली. थोरलीने पिठात सोडा टाकला आणि ती चहाला गेली. यंत्रावरच्या माणसाला वाटलं बाई विसरली, म्हणून त्याने आपल्या हुशारीने पुन्हा टाकला. भट्टीतून निघालेली बिस्किटं पिवळीधमक, फुगून फाटलेली, आणि चवीला थेट साबण. मालकाने कपाळावर हात मारून घेतला. "आता यातला सोडा काढता येईल का काही करून?" त्याने विचारलं. थोरलीला इतकं हसू आलं की तिने टेबल धरलं. "पडला तो पडला, मालक. वेचून काढायला ते काय तांदळातले खडे आहेत?"

हे सगळं सांगायचं कारण धाकटा. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आई गेली तेव्हा थोरली शाळेत जात होती आणि धाकट्याचे दुधाचे दात पडत होते. वडील कामावर. एका दुपारी पोराने पोट धरून रडायला सुरुवात केली, ते थांबेचना. घरात औषधाची बाटली नव्हती, शेजारचं दार बंद होतं. फळीवर सोड्याचा डबा तेवढा दिसला. आईला कधीतरी असं करताना पाहिलं होतं, म्हणून तिने चिमूटभर सोडा कोमट पाण्यात टाकला आणि चमचा हलवत बसली. पोरगं रडता रडता त्या ग्लासाकडे बघत राहिलं. मग प्यायलं, मोठी ढेकर दिली आणि तिच्या मांडीवर झोपून गेलं. त्या दिवसापासून थोरलीला वाटायला लागलं की आपल्याला हे घर जमेल. आणि तिने ते जमवलं. वडील गेले, धाकटा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, थोरलीचं मात्र राहून गेलं. तिघं एकाच घरात राहायला लागली. ग्लास आणि चमचा तेवढे होते तिथंच राहिले.

पाट्या रंगवणाऱ्याचं पोट कधी धड नसतं. उपाशीपोटी चहा, दिवसभर रंगाचा वास, जेवायची वेळ शिडीवर. धाकट्याची छाती जळायला लागली तशी चिमटीचा अर्धा चमचा झाला, अर्ध्याचा चमचा, आणि चमचा दिवसातून केव्हाही. भावजय आडून आडून सांगून बघायची. "ताई, रोज रोज बरं नव्हे हे. एकदा डॉक्टरला दाखवूया ना."

"डॉक्टर काय वेगळं देणार? ह्याचीच गोळी करून, वर रंग लावून देईल," थोरली म्हणायची, आणि धाकटा हसून ग्लास रिकामा करायचा. दोघं एका बाजूला झाल्यावर बिचारी भावजय काय बोलणार?

मग उलट्या सुरू झाल्या. खाल्लेलं पोटात ठरेना. थोरलीने ओळखलं, पित्त वाढलंय. म्हणजे सोडाही वाढवायला हवा. इथं तिची चूक झाली असं आज कुणीही म्हणेल. पण जी गोष्ट जन्मभर लागू पडत आली, ती लागू पडेनाशी झाली की माणूस आधी तीच आणखी जोरात करून बघतं.

बेकरीचीच नवी पाटी होती. धाकटा शिडीवर उभा राहून अक्षरांच्या कडा भरत होता, थोरली खाली शिडी धरून होती. अचानक ब्रश तिच्या खांद्यावर पडला, लाल रंगासकट. "अरे, डोळे कुठे आहेत तुझे?" म्हणत तिने वर पाहिलं, तर धाकटा एका हाताने शिडीला मिठी मारून उभा. कसाबसा खाली उतरला. "ओठांना मुंग्या येतायत, ताई," तो म्हणाला आणि त्याने उजवा हात पुढे केला. मनगट आत वळलेलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठा त्यांच्यात घुसलेला. चिमूट धरावी तसा हात झाला होता, आणि तो त्याला काही केल्या उघडेना. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखाना मोठा होता. भावजय खिडकीवर कागद करायला थांबली, थोरली खाटेपाशी. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण घाईत नव्हत्या. त्यांनी धाकट्याचा हात पाहिला, डोळे पाहिले, पोट दाबलं. मग विचारलं, "मावशी, यांना औषध कुठलं चालू आहे?"

"कुठलंच नाही. गोळीचं नाव काढलेलं खपत नाही त्याला," थोरलीने सांगितलं. तिच्या हिशेबी ते अगदी खरं होतं.

रक्त तपासलं, बाटली लावली. दुसऱ्या दिवशी धाकट्याची बोटं सुटली. त्याने चहा मागितला, मिळाला नाही म्हणून तोंड वाकडं केलं. थोरलीचा जीव भांड्यात पडला. दुपारी भावजय अंघोळीला घरी गेली आणि धाकटा कुशीवर वळून म्हणाला, "ताई, आग आग होतेय गं." थोरलीने नर्सला गाठलं. नर्स म्हणाली, डॉक्टर फेरीला येतील तेव्हा बघतील. फेरी केव्हा? येतील. आता भावाची छाती जळतेय आणि बहिणीने फेरीची वाट बघायची? थोरलीच्या पिशवीत बेकरीतून आणलेली पुडी होती, पाण्याची बाटली होती, ग्लास होता. इतकं असताना ती कशाला कुणाच्या पाया पडेल!

तिने दिलं. संध्याकाळी पुन्हा दिलं. दुसऱ्या दिवशी येता जाता देत राहिली. धाकट्याला गुंगी आली, मग झोप लागली. श्वास असा संथ चालला होता की चादर हललेली दिसत नव्हती. थोरली त्याच्या कपाळावरून हात फिरवत बसली. भावजय आली तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बघ कसा शांत झोपलाय. किती दिवसांत असा झोपला नव्हता." भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिल्या, आणि त्या घटकेला थोरलीइतकं सुखी त्या इमारतीत कुणी नसेल.

नर्स बाटली बदलायला आली. तिने धाकट्याला हाक मारली. खांदा हलवला. मग छातीवर मुठीने जोरात चोळलं, तेव्हा त्याने कण्हून डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले. नर्स पळतच गेली. पुन्हा रक्त घेतलं, या वेळी मनगटातून, आणि नळी बर्फात ठेवून कुणीतरी धावलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. "आले तेव्हापेक्षा आज बिघडलंय," त्या म्हणाल्या. "आणि का ते मला समजत नाहीये."

"पण तो तर शांत झोपला होता," भावजय म्हणाली.

"ती झोप नाही. नीट ऐका. आपलं रक्त कधी आंबट होऊ देत नाही शरीर, आणि त्याच्या उलटही होऊ देत नाही. मधे एक अगदी अरुंद पट्टी आहे, तिथंच ते राहायला हवं. आपण जगतो त्यातूनच अंगात आम्ल होत असतं. त्यातलं पुष्कळसं वायू होऊन श्वासावाटे निघून जातं. रक्त आंबट व्हायला लागलं की मेंदू सांगतो, भरभर श्वास घे, बाहेर टाक. आणि उलट बाजूला गेलं की सांगतो, सावकाश. तो वायू सांडू नकोस, धरून ठेव. तुमच्या माणसाचा श्वास मंद झालाय तो म्हणून. त्याचं शरीर जिवाच्या आकांताने तोल सांभाळतंय."

थोरलीच्या हाताला अजून त्या कपाळाचा गारवा होता.

"दुसरं काम मूत्रपिंडांचं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "जास्तीचं ती लघवीतून काढून टाकतात, पण त्यांना वेळ लागतो. त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, मीठ गेलं, पोटातलं आम्लही गेलं. अशा वेळी मूत्रपिंडं धास्तावतात आणि असेल ते सगळं धरून बसतात. नको असलेलंही. म्हणून आपण मिठाचं पाणी चढवतोय, आणि काल ते लागूही पडलं होतं. उलट्या थांबल्यात. मग आता हे वाढतंय कुठून? एका बाजूने आम्ही काढतोय आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी भरतंय असं चाललंय."

"उलट बाजू म्हणजे?" थोरलीने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आंबटाच्या उलट म्हणजे काय?"

"म्हणजे, कसं सांगू... सोड्यासारखं."

डॉक्टरीणबाई पुढेही बोलल्या. एखाद्या ग्रंथीत गाठ असू शकते, मोठ्या मशीनमधे नेऊन बघावं लागेल, श्वास आणखी मंदावला तर घशात नळी घालावी लागेल, सही लागेल. थोरलीला त्यातलं अर्धं ऐकू आलं नाही. तिला भट्टीतून निघालेली पिवळीधमक बिस्किटं दिसत होती, आणि टेबल धरून हसणारी ती स्वतः.

"आलेच," म्हणून ती उठली आणि बेसिनपाशी गेली. पिशवीतून पुडी काढली. नळ सोडला. आता खोटं कशाला बोला, तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायलाच हवं. पुडी इथं ओतायची, बाटली विसळायची, आणि पुन्हा द्यायचं नाही. सोडा थांबला की धाकटा आपोआप बरा होईल. कुणाला ताकास तूर लागणार नाही. भावजय जन्मभर तिला ताई म्हणत राहील, गल्ली सोडाबाई म्हणत राहील. ज्या पोराला तिने मांडीवर वाढवलं त्याला तिनेच इथवर आणलं, हे तिच्याशिवाय कुणाला कळणार नाही. पुडीचं तोंड उघडं होतं. एक बोट उचलायचा अवकाश होता.

मागे नर्सचा आवाज आला. "पेशंटची बायको कोण? मशीनसाठी नेतोय, सही करा." आणि भावजय म्हणाली, "पण गाठ म्हणजे कसली गाठ? ऑपरेशन करणार का त्यांचं?" तिचा आवाज चिरकला होता.

थोरलीने नळ बंद केला. ती परत आली आणि तिने पुडी डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या कागदांवर ठेवली.

"हे औषधात धरतात का, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडून बघितली. क्षणभर डोळे मिटले. "किती दिलंत?"

थोरलीने तोंड उघडलं आणि तिला उत्तर येईना. जन्मभर तिने तराजूची टर उडवली होती. आज किती हा एवढाच प्रश्न होता आणि तिच्याकडे दाखवायला नुसती तीन बोटं होती. तिने ती जवळ आणली, चिमूट केली. "अशी... पण मग चमच्याने. घरी पण. पुष्कळ दिवस," ती म्हणाली, आणि त्या चिमटीकडे बघता बघता तिला हुंदका फुटला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आत्ता सांगितलंत, खूप झालं," एवढंच बोलून त्या आत पळाल्या. मशीनचं थांबवा, असं कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं.

ओरडली ती भावजय. "म्हणत होते मी! किती वेळा म्हटलं! तुमच्यापुढे माझं कधी ऐकलं का कुणी? तो काय तुमच्या एकट्याचा आहे?" थोरली मान खाली घालून उभी राहिली. भावजयीने तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, बाटली काढली, बेसिनमधे रिकामी केली, विसळली, पुन्हा विसळली, आणि नळाखाली धरून तशीच रडत उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती बाकावर येऊन बसली, मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. "घरी जाऊ नका," ती समोर बघत म्हणाली. "डोळे उघडले की तो आधी तुम्हालाच शोधेल. माझं नशीबच तसलं."

घशात नळी घालायची वेळ आली नाही. मिठाचं पाणी चढत राहिलं, त्यात आणखी कसले कसले क्षार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मूत्रपिंडांना धीर आला की ती आपणच जास्तीचं बाहेर टाकतील, आपण फक्त वाट बघायची. म्हणजे पिठातून वेचता येत नाही ते माणसातून वेचणारं कुणीतरी आत बसलेलं होतं, आणि थोरली त्याच्याच डोक्यावर चमचे ओतत होती. ती खाटेखाली लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसायची. इतक्या मायेने त्या वस्तूकडे कुणी पाहिलं नसेल. पिशवी भरत गेली तसा धाकट्याचा श्वास वर यायला लागला, चादर हलताना दिसायला लागली, आणि एका सकाळी त्याने स्वच्छ आवाजात विचारलं, "पाटी कुणी पुरी केली?"

पुढे दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा गाठबीठ काही निघाली नाही. पोटातून अन्न पुढे सरकतं त्या तोंडाशी जुनी जखम होती, सुजून वाट अरुंद झालेली. औषधाने भरून येईल, पण वेळ लागेल, असं सांगून त्याला घरी सोडलं.

थोरली बेकरीत रुजू झाली. तिने तराजूवरचं पीठ झटकलं, सोडा मोजून घेतला, मग काट्याकडे वाकून पुन्हा बघितलं. मालकाने पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा गप्प राहिला. गल्लीतली एक म्हातारी पोट धरून आली तर थोरलीने तिला डॉक्टरकडे पिटाळलं. म्हातारीने जाता जाता बडबड केली, की सोडाबाईला आता शिंगं फुटलीत.

एका दुपारी धाकटा खाटेवर उशीला टेकून बसला होता. थोरली दारात घुटमळत होती. घरी आल्यापासून ती त्याच्याजवळ जायची, पण हात लावत नसे.

"ये ना इकडे," तो म्हणाला. "एक सांगू? रागावू नकोस. ती चव मला कधीच आवडली नाही. साबण चाटल्यासारखं वाटायचं."

"मग मेल्या, इतकी वर्षं प्यायलास कशाला?" थोरली उसळली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली.

"तू चमचा हलवायचीस ना," धाकटा म्हणाला. "आई गेली तेव्हा घरात कसला आवाजच नसायचा. मग तो यायचा. तो ऐकला की वाटायचं, कुणीतरी आहे. अर्धं दुखणं तिथंच थांबायचं. उरलेलं मी तुझ्यासाठी पिऊन टाकायचो."

थोरली येऊन खाटेच्या कडेला टेकली.

"आत्ता पण जळतंय जरा," तो म्हणाला. "गोळी घेतलीय. लागू पडायला वेळ लागतो म्हणे."

थोरली उठली. तिने माठातलं पाणी ग्लासात घेतलं, चमचा घेतला, त्याच्या उशाशी बसली आणि साध्या पाण्यात हलवायला लागली. धाकट्याने डोळे मिटले.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं एकदम थांबलं. भावजय ओल्या हातांनी दारात आली. तिने दोघांकडे पाहिलं, पुढे येऊन थोरलीच्या हातातून ग्लास काढून घेतला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

मग ग्लास थोरलीच्या हातात परत दिला.

"हलवा," ती म्हणाली.